आयसीयूमधली इयादत : नर्सना शिकवायला हवा असा एक धडा

घरातले कोणी आयसीयूमध्ये दाखल झाले की सारे कुटुंब दाराबाहेरच्या बाकांवर येऊन बसते. सकाळी दहा मिनिटे, संध्याकाळी दहा मिनिटे, तेही एका वेळी एकालाच आत सोडतात. अम्मीचा हात हातात घेतो न घेतो तोच ‘वेळ संपली’ असा आवाज येतो. आजाऱ्याची इयादत हा आपल्याकडे एका मुसलमानाचा दुसऱ्यावरचा हक्क मानला जातो. नातेवाईक, शेजारी, मोहल्ल्यातले लोक ती मनापासून करतात. पण आयसीयूच्या दारापाशी ती थांबते. आत जंतुसंसर्गाचा धोका असतो, त्यामुळे हे बंधन योग्यही आहे. मग उरलेला दिवस आणि सगळी रात्र आपल्या माणसाजवळ कोण असते? ड्युटीवरची सिस्टर किंवा ब्रदर. त्या तासांतली आपल्या वाट्याची इयादत त्यांच्याच हातात असते.

ही इयादत कशी करायची, हे त्यांना शिकवता येते का? मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. माझ्या काही जुन्या विद्यार्थिनी आज नर्स आहेत. त्यांच्याशी बोलताना हा विषय मनात घोळू लागला, आणि वाचत गेल्यावर लक्षात आले की जगभरात यावर बराच विचार झाला आहे. आपल्या घरांपर्यंत मात्र तो फारसा पोहोचलेला नाही.

शब्दाचीच अडचण

इंग्रजीत या कामाला जे नाव आहे त्याचे मराठीत भाषांतर केले की ‘आध्यात्मिक काळजी’ असे होते. हे शब्द ऐकले की डोळ्यांपुढे प्रवचन येते. उर्दूत ‘रूहानी’ म्हणावे तर ‘रूहानी इलाज’ लिहिलेल्या पाट्या आणि तावीज-गंडे देणारे बाबा आठवतात. इथे यातले काहीच अभिप्रेत नाही. आजारी माणसाच्या मनात खोलवर जे प्रश्न उठतात, त्यांची कोणीतरी दखल घेणे, त्याला ज्यातून बळ मिळते त्याच्याशी त्याचे नाते तुटू न देणे, इतकाच याचा अर्थ आहे. कुणाला ते बळ नमाजेतून मिळते, कुणाला विठ्ठलाच्या नावातून, कुणाला चर्चमधल्या प्रार्थनेतून, तर कुणाला नातवाच्या आवाजातून. ईश्वर न मानणाऱ्यालाही ही गरज असते.

आयसीयूत पडलेल्या आपल्या माणसाच्या मनात काय चालते ते जरा आठवून पाहा. ‘अल्लाह माझ्यावर नाराज आहे का?’ ‘इतक्या नमाजा कजा झाल्या, त्यांचे काय?’ ‘भावाशी सहा वर्षे अबोला आहे, तो येईल का?’ ‘अमक्याचे पैसे द्यायचे राहिले.’ ‘कहा-सुना माफ करा, हे सगळ्यांना सांगायचे राहून गेले.’ या वेदनेवर इंजेक्शन नसते. पण ती वेदना खरी असते. त्या भीतीने झोप उडते, नाडी वाढते, माणूस नळ्या ओढू लागतो.

दुखणे फक्त शरीराचे नसते

हा विचार वैद्यकाच्या जगात ठामपणे मांडणाऱ्या सिसिली सॉन्डर्स या मुळात नर्स होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना नर्सिंग सोडावे लागले. मग त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि पुढे वैद्यकीय शिक्षण घेऊन १९५७ साली डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे मरणासन्न रुग्णांसाठीचे हॉस्पिस सुरू केले. रुग्णाचे दुखणे शरीराचे, मनाचे, सामाजिक नात्यांचे आणि आत्म्याचे असे चारही अंगांनी असते, हे त्यांनी सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली पॅलिएटिव्ह केअरची जी व्याख्या केली, तीत शारीरिक आणि मानसिक-सामाजिक दुखण्यांबरोबर आध्यात्मिक दुखणेही आले. आपल्या देशात या वाटेवरचे पहिले हॉस्पिस १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. ते म्हणजे शांती अवेदना सदन. पुण्यात सिप्लाचे केंद्र १९९७ साली उभे राहिले.

ही झाली प्रामुख्याने कर्करोगासारख्या दीर्घ आजारांची गोष्ट. तिथे बोलायला निदान थोडा वेळ असतो. आयसीयूत तसे नसते. काल संध्याकाळी दुकानात बसलेला माणूस आज व्हेंटिलेटरवर असतो. घशात नळी, त्यामुळे बोलता येत नाही. हात बांधलेले असू शकतात. गुंगीचे औषध चालू असते. दिवे रात्रंदिवस जळत असतात, खिडकी नसते, मॉनिटर सतत पिकपिकत असतो. सकाळ आहे की रात्र हेच कळत नाही. अशा स्थितीत अनेकांना भ्रम होतो. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. माणूस जगतो, पण आपण कोण, कुठे, याचा धागा सुटतो.

म्हणून आयसीयूतल्या नर्सला हे काम वेगळे शिकवावे लागते.

नेमके काय शिकवायचे?

युरोपातल्या नर्सिंग शिक्षकांनी २०१६ ते २०१९ या काळात एकत्र येऊन यावर काम केले. त्या प्रकल्पाचे नाव ‘एपिक’. नर्सच्या अंगी कोणत्या क्षमता हव्यात, त्या त्यांनी चार भागांत मांडल्या. त्या मी शिक्षिकेच्या नजरेने, आपल्या शब्दांत सांगते.

पहिली पायरी स्वतःकडे पाहण्याची. मरणाबद्दल मला काय वाटते? माझ्या श्रद्धा कोणत्या? माझे पूर्वग्रह कोणते? ज्या मुलीला मरणाचे नावही नकोसे वाटते, ती मरणाऱ्याच्या खाटेजवळ थांबू शकत नाही. ती उगाच सलाईनची बाटली तपासत राहते.

दुसरी पायरी समोरच्याला माणूस म्हणून ओळखण्याची. ‘बेड नंबर चार’ नव्हे, तर ‘हमीद चाचा’ किंवा ‘सुमन आजी’. तो आपल्यासारखा नाही, त्याची श्रद्धा वेगळी आहे, तरी ती मानाची आहे.

तिसरी पायरी विचारण्याची. अमेरिकेतल्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डॉ. क्रिस्टिना पुकाल्स्की यांनी १९९६ साली सहकाऱ्यांसह यासाठी एक सोपा आराखडा तयार केला. त्यात चार गोष्टी विचारायच्या असतात. कठीण वेळी तुम्हाला आधार कशाचा वाटतो? त्या श्रद्धेचे तुमच्या जगण्यात आणि या आजारात काय स्थान आहे? तुमच्या पाठीशी कोणी माणसे, जमात, संस्था आहे का? आणि या बाबतीत आम्ही तुमच्यासाठी काय करावे? रुग्ण बोलू शकत नसेल तर हेच चार प्रश्न दाराबाहेर बसलेल्या मुलाला किंवा सुनेला विचारता येतात. पाच मिनिटे पुरतात.

चौथी पायरी कृतीची आणि ती लिहून ठेवण्याची. औषधाची वेळ जशी केसपेपरवर लिहितात, तशीच ‘रुग्णाला फज्रच्या वेळी उठवावे’ किंवा ‘आजींना गळ्यातली तुळशीची माळ जवळ हवी आहे’ ही नोंद हवी. नाही तर सकाळच्या सिस्टरने समजून घेतलेले रात्रीच्या सिस्टरला कळतच नाही. ड्युटी बदलताना होणाऱ्या हँडओव्हरमध्ये हे एक वाक्य आले पाहिजे.

हे फळ्यावर लिहून शिकवता येत नाही, हे आम्हा शिक्षकांना चांगले माहीत असते. त्यासाठी सराव लागतो. वर्गातल्या एका मुलीने खाटेवर झोपावे, तिने बोलायचे नाही, हात हलवायचे नाहीत. बाकीच्यांनी तिच्या अंगावरून एकमेकींशी गप्पा मारत, यंत्रे पाहत कामे करावीत. दहा मिनिटांनी तिला कसे वाटले ते विचारावे. मग तोच प्रसंग पुन्हा करावा. या वेळी आधी नाव घेऊन सलाम किंवा नमस्कार करायचा, काय करणार ते सांगायचे, हात लावण्यापूर्वी सूचना द्यायची. दोन्हींतला फरक त्या मुली जन्मभर विसरणार नाहीत.

आणखी एक गोष्ट शिकवावी लागते, ती म्हणजे काय बोलू नये. ‘काही होत नाही’, ‘टेन्शन घेऊ नका’, ‘सगळे ठीक होईल’ ही वाक्ये आपण सगळेच वापरतो. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली नर्सिंगवर जे पुस्तक लिहिले, त्यात अशा पोकळ धीराच्या बडबडीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. रुग्णाने ‘मी वाचेन का?’ असे विचारले तर लगेच उत्तर देण्याची घाई नको. ‘चाचा, तुम्हाला कशाची भीती वाटते?’ असे विचारून गप्प बसणे अधिक कठीण असते आणि अधिक उपयोगाचेही.

मुस्लिम रुग्णाजवळ

आपल्या रुग्णांच्या काही गरजा अगदी साध्या असतात. त्या बिगरमुस्लिम नर्सला माहीत नसतात, कारण तिला कोणी सांगितलेल्या नसतात.

शुद्धीवर असलेल्या रुग्णाला नमाजेची वेळ सांगावी. त्याला उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर झोपून इशाऱ्याने नमाज अदा करण्याची मुभा शरीअतने दिली आहे. पाण्याने वजू शक्य नसेल तर तयम्मुम आहे. खाट फिरवता येत नसेल तर आहे त्या स्थितीतही सवलत आहे. मसलकानुसार यात बारीक फरक आहेत, ते आलिमांना विचारावेत. नर्सने फक्त एवढे करावे, की शक्य असेल तर त्या दहा मिनिटांत सक्शन किंवा अंग पुसण्याचे काम काढू नये. यात एक फायदा तिचाही आहे. ‘चाचा, जोहरची वेळ झाली’ असे कोणी सांगितले की रुग्णाला दिवसाचे भान राहते, आणि वेळेचे भान देणे हा डिलिरियम टाळण्याच्या उपायांपैकी एक आहे.

बायकांच्या पडद्याची काळजी घ्यावी. डोक्यावर दुपट्टा ठेवता येत नसेल तर ऑपरेशनची टोपी घालता येते. अंग पुसताना पडदा ओढावा, शक्य तिथे स्त्री नर्सने ते करावे. गुंगीत असलेल्या बाईलाही लाज असते, हे विसरू नये. दंडावरचा तावीज किंवा मनगटावरचा धागा कापण्याआधी विचारावे. एमआरआयसाठी धातूचा तावीज काढावाच लागतो. तेव्हा तो कचऱ्यात न टाकता पाकिटात घालून घरच्यांना द्यावा. नळी बसवण्यासाठी दाढी कमी करायची असेल तर कारण सांगून परवानगी घ्यावी.

शेवट जवळ आला असेल तर घरच्यांना वेळेवर आत बोलवावे. कलम्याची तलकीन कानाशी हळू आवाजात करायची असते, मरणाऱ्याने तो म्हटलाच पाहिजे असा तगादा लावायचा नसतो. कोणी पोहोचू शकत नसेल तर फोनवरून घरच्यांचा आवाज कानाशी धरता येतो. २०२० सालच्या कोरोनात कितीतरी नर्सनी हे केले. मृत्यूनंतर डोळे मिटवणे, जबडा बांधणे, अंग झाकणे, नळ्या हळुवार काढणे आणि कागदपत्रे लवकर पूर्ण करणे, एवढ्याने घरच्यांचे दुःख किती हलके होते! पोलीस केस असेल तर मात्र शवविच्छेदन होईपर्यंत नळ्या काढता येत नाहीत. हेही नर्सने शांतपणे समजावून सांगितले तर वाद होत नाहीत.

दिलासा आणि उपदेश यांत फरक आहे

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आयसीयूतला रुग्ण पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती असतो. तो उठून जाऊ शकत नाही, ‘नको’ म्हणू शकत नाही. अशा माणसापुढे आपला धर्म मांडणे, मग तो कोणाचाही असो, हा त्याच्या लाचारीचा गैरफायदा आहे. कोणी आपल्या अब्बांच्या उशाशी त्यांना न विचारता दुसऱ्या धर्माची प्रार्थना सुरू केली तर आपल्याला चालणार नाही. तर मग आपल्या नर्स मुलीनेही हिंदू आजींना दीनची ओळख करून देण्याची ती जागा नव्हे. त्या आजींना हरिपाठ ऐकायचा असेल तर फोनवर तो लावून देणे हीच तिची खिदमत. त्याने तिच्या ईमानाला धक्का लागत नाही. ती स्वतः ती प्रार्थना म्हणत नाही, दुसऱ्याची गरज त्याच्यापर्यंत पोहोचवते.

तसेच, धर्माच्या प्रश्नांची उत्तरे देणे हे नर्सचे काम नाही. ‘हा आजार माझ्या गुनाहांची सजा आहे का?’ असे रुग्णाने विचारले तर तिने फतवा देऊ नये. ऐकून घ्यावे, आणि तो म्हणेल त्या इमामसाहेबांना, पुजाऱ्यांना, फादरना किंवा घरच्या वडीलधाऱ्यांना बोलावण्याची सोय करावी. कुठे थांबायचे हे कळणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

वेळ कुठे आहे?

नर्स लगेच म्हणतील, बोलायला सोपे आहे! व्हेंटिलेटरच्या रुग्णामागे एक नर्स असावी असे म्हणतात, पण प्रत्यक्षात एकीकडे दोन-तीन रुग्ण असतात. औषधे, नोंदी, डॉक्टरांचा राऊंड, नातेवाइकांचा राग, यात बसून ऐकायला वेळ कुठला?

तक्रार खरी आहे, आणि नर्सची संख्या वाढवल्याशिवाय ती पूर्ण मिटणार नाही. पण या कामाला नेहमी वेगळा वेळ लागतोच असे नाही. कूस बदलताना, तोंड पुसताना नर्स तिथे असतेच. तेच काम गप्प राहून करायचे की नाव घेऊन, बोलून करायचे, एवढाच फरक असतो.

कॅनडातल्या हॅमिल्टन शहरातल्या सेंट जोसेफ रुग्णालयाच्या आयसीयूत २०१३ साली एक उपक्रम सुरू झाला. त्याचे नाव ‘तीन इच्छा’. जो रुग्ण वाचण्याची आशा नाही, त्याच्यासाठी किमान तीन छोट्या इच्छा पूर्ण करायच्या. स्वतः त्याला सांगता आल्या तर त्याच्या, नाही तर घरच्यांच्या किंवा त्याची सेवा करणाऱ्यांच्या. आवडते गाणे लावणे, घरची गोधडी पांघरणे, दुरावलेल्या नातेवाइकाशी भेट घडवणे, धार्मिक विधी करू देणे, अशा त्या इच्छा होत्या. पहिल्या ४० रुग्णांच्या १५९ इच्छा पूर्ण झाल्या, आणि दर रुग्णामागे खर्च आला शून्य ते २०० डॉलर. आयसीयूच्या एकूण बिलापुढे हा खर्च काहीच नाही. त्या मृत्यूंना माणुसकीचा स्पर्श झाला, असे घरच्यांना आणि नर्सनाही वाटले. रोज मृत्यू पाहून कोरडे पडत जाणाऱ्या नर्सच्या मनालाही यातून ओलावा मिळतो, ही गोष्ट लहान नाही.

आपल्याकडे पाया अगदीच नाही असे नाही. भारतीय नर्सिंग परिषदेच्या २०२१च्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात सांस्कृतिक विविधता आणि अध्यात्म हा घटक आहे. श्रद्धा, आशा, गंभीर आजारातले आध्यात्मिक प्रश्न यांचा त्यात समावेश आहे. आता गरज आहे ती हा धडा पुस्तकातून खाटेजवळ नेण्याची. प्रशिक्षणार्थी मुलींना अनुभवी सिस्टरबरोबर उभे करून चार प्रश्न कसे विचारायचे ते दाखवावे. रुग्णालयाने शहरातले एक इमाम, एक पुजारी, एक पाद्री यांचे फोन नंबर भिंतीवर लावावेत. मराठी, उर्दू आणि हिंदीत मोठ्या अक्षरांचा आणि चित्रांचा एक तक्ता खाटेजवळ ठेवावा : दुखते आहे, तहान लागली, भीती वाटते, नमाज, घरच्यांना बोलवा. बोलू न शकणारा रुग्ण बोटाने किंवा डोळ्यांच्या उघडझापीने त्यातले दाखवू शकतो. असा तक्ता तयार करून देणे आम्हा भाषा शिकवणाऱ्यांना अवघड नाही. शाळांनी हे काम आनंदाने घ्यावे.

मुली आणि नर्सिंग

आपल्या काही घरांत अजून मुलीला नर्सिंगला घालायला का-कू करतात. रात्रपाळी, परपुरुषांची सेवा, लोक काय म्हणतील! त्यांनी हजरत रुफैदा असलमिया (रजि.) यांना आठवावे. मदीन्यात मस्जिदे नबवीच्या आवारात त्यांचा तंबू होता. खंदकच्या लढाईत जखमी झालेले हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याच तंबूत ठेवण्यास सांगितले आणि ते स्वतः तिथे त्यांची विचारपूस करायला येत. जखमेची शुश्रूषा आणि मनाची विचारपूस या दोन्ही गोष्टी तिथे एकाच तंबूत होत होत्या.

आपण काय करावे?

सगळा भार नर्सवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. रुग्ण दाखल करताना आपण विमा कार्ड, आधार कार्ड, जुने रिपोर्ट देतो. त्याबरोबर एका कागदावर पाच ओळी लिहून सिस्टरच्या हाती द्या. रुग्णाला घरी काय म्हणून हाक मारतात. तो कोणती बोली नीट समजतो. कोकणी, दखनी की मराठी. चश्मा किंवा कानाचे यंत्र लागते का. नमाज आणि इतर कोणती गोष्ट त्याच्यासाठी महत्त्वाची आहे. आणि अडीअडचणीत रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा.

आत गेल्यावर रडारड करू नका. गुंगीत असलेल्या माणसाला ऐकू येत असेल, असे धरूनच बोला. घरातली साधी खबर सांगा. माफी मागायची असेल तर मागा, माफ करायचे असेल तर करा. ती वेळ पुन्हा येईलच असे नाही. यासीन शरीफची तिलावत शेजारच्या खाटेला त्रास होणार नाही इतक्या हळू आवाजात करा. आणि जमजमचे पाणी सिस्टरला विचारल्याशिवाय तोंडात घालू नका. गिळता येत नसलेल्या रुग्णाचे पाणी थेट फुप्फुसात जाते आणि जीवावर बेतू शकते. तिने परवानगी दिली तर ओल्या कापसाने ओठ ओले करता येतील. त्यामागची मुहब्बत त्याला तेवढ्यानेही कळेल.

निघताना त्या सिस्टरचे नाव विचारा. तिच्यासाठीही दुआ करा, आणि ती केल्याचे तिला सांगा.